पुढची मॅच कधी? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री,
सादर नमस्कार.

1 जून 2018 ला मी अंधेरीच्या स्टेडियममध्ये होतो. भारताचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीने चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) हॅट्ट्रिक केली, आपण 5-0 जिंकलो. पण स्टँड इतके ओस, की गोलकीपरने बचावपटूला मारलेली हाक वरपर्यंत ऐकू येत होती. प्रेक्षक 2,569. मग या कर्णधाराने व्हिडिओ टाकून विनवलं: शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची, म्हणजे त्याच्या शंभराव्या, सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, चेंडू डबक्यात रुतत होता, तरी पठ्ठ्याने दोन गोल मारले.

6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या 0-0 बरोबरीनंतर तो निवृत्त झाला. 151 सामने, 94 गोल. नऊ महिन्यांत चाळिशीतल्या त्यालाच परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोल केला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि लाजही वाटली. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरून आपण 2027 च्या आशिया चषकाला मुकलोच.

नवा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा आघाडीचा खेळाडू, का घडत नाही? क्लब परदेशी स्ट्रायकर आणतात म्हणून, असं सगळे म्हणतात. खरं आहे, पण अर्धंच. मी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. गेल्या वर्षी दोन महिने घाम गाळून आम्ही तालुका स्पर्धेला गेलो. बाद पद्धत. पहिलाच सामना पेनल्टीवर हरलो, दुपारच्या आत घरी. बुटाची नाडी सोडता सोडता आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "सर, पुढची मॅच कधी?" पुढच्या वर्षी, बाळा. तोवर तो या वयोगटात बसणारही नव्हता.

छेत्रीने 2005 मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल केला. वय वीस. असं धाडस सरावाच्या शंकूंभोवती धावून येत नाही, सामने खेळूनच येतं.

म्हणून मागणी एकच: शालेय फुटबॉल साखळी पद्धतीने खेळवा. हरलेल्या संघालाही वर्षाला आठ-दहा सामने मिळू द्या. हा राज्याचा विषय आहे, असं उत्तर येईल हे माहीत आहे. मग केंद्राच्या खेलो इंडिया योजनेचा निधी देतानाच ही अट घाला. पंचांचं मानधन त्यातूनच द्या, नाहीतर शिट्टी पुन्हा पीटीच्या सरांच्याच गळ्यात.

साखळी सुरू झाली तर आमच्या पहिल्या सामन्याला जरूर या. स्पर्धा भर पावसात असतात आणि आमच्याकडे स्टँड नाही, तेव्हा छत्री आणा.

आपला,
एक शालेय फुटबॉल प्रशिक्षक