ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पणजीतील सायबर सुरक्षा कार्यशाळेचा जो सविस्तर वृत्तान्त आपल्या कालच्या अंकात आला आहे, तो मी दोनदा वाचला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका, म्हणजे तुमचे पैसे सुरक्षित’ असे मार्गदर्शकांनी ठामपणे सांगितल्याचे त्यात म्हटले आहे आणि त्यावर टाळ्या पडल्याचेही नमूद केले आहे. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु गेल्या चवथीच्या आठवडाभर आधी माझ्या बचत खात्यातून ३८,४०० रुपये गेले, आणि त्या दिवशी मी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता, पत्नीलाही नाही.

गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या माटोळीची चौकट माळ्यावरून उतरवून मी अंगणात धूत होतो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला की मागील बिलाची नोंद न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल. आमच्या भागात पावसाळ्यात वीज कोणालाही न विचारता जाते; ती आगाऊ सूचना देऊन जाणार आहे, एवढ्यानेच खरे तर मला संशय यायला हवा होता. संदेशासोबत एक फाइल होती आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलची, तीन अक्षरे होती. ती मी ओल्या हातांनीच उघडली. अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप घ्यायचे आहे का, असे फोनने विचारले. मी होकार दिला. मग त्या अ‍ॅपने माझे एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही दिली. शेवटी ‘नोंदीसाठी तेरा रुपये’ भरायचे म्हणून डेबिट कार्डाचा क्रमांक आणि पाठीमागचे तीन आकडे टाकले. ही चूक सर्वस्वी माझी आहे, आणि तिचा दोष मी कोणावरही ढकलत नाही.

मात्र यानंतर ओटीपी आला, तो मी वाचायच्या आत त्या अ‍ॅपने वाचला आणि भामट्याकडे पोचता केला. संदेशाची पट्टी पडद्यावर क्षणभर चमकली आणि माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, एवढेच मला दिसले. १०.४२ वाजता २४,००० आणि १०.४७ वाजता १४,४०० रुपये गेले. शेजारचा बारावीतला मुलगा माझा आवाज ऐकून धावत आला आणि म्हणाला, “काका, आधी ते विमानाचे चिन्ह दाबा, बाकीचे मग बोलूया.” फोनचा जगाशी संबंध तुटला की त्या अ‍ॅपला नवा ओटीपी मिळत नाही आणि मिळालेला पुढे पाठवताही येत नाही, हे मला त्या पोराने अंगणात उभ्या उभ्या समजावले. त्यानंतर पत्नीच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक लावला. तो तिसऱ्या प्रयत्नात लागला, आणि पलीकडच्या बाईंनी सर्व तपशील शांतपणे लिहून घेतला, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता कालच्या वृत्तान्तात एपीके हा शब्द नाही, अ‍ॅपला द्यावयाच्या परवानग्यांविषयी एक ओळ नाही, विमानाचे चिन्ह तर नाहीच नाही. पासवर्डात कोणती चिन्हे घालावीत आणि तो दरमहा बदलावा, यावर मात्र अर्धा स्तंभ खर्ची पडला आहे. पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, हे त्याहून महत्त्वाचे. दरमहा बदलायला लावले की माझ्या वयाची माणसे तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

परंतु माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. त्याच दिवशी साडेअकराला मी बँकेच्या शाखेत गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी अर्ज हातात घेण्यापूर्वीच सांगितले, “ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत हो.” कार्यशाळेतले सुभाषित आणि हे वाक्य यांत मला फरक दिसत नाही, पहिले ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि दुसरे ऐकून गुन्हेगारासारखे खाली मान घालून घरी जातात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे स्पष्ट म्हटले आहे की अशा व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि तक्रार येताच तिला क्रमांक देऊन तारीख व वेळ नोंदवली गेली पाहिजे. ग्राहकाच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले असले तरी त्याने कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचे असते, म्हणून ती वेळ महत्त्वाची. मी अर्जाच्या पोचेवर वेळ मागितली, तेव्हा “तारीख आहे ना, वेळ कशाला?” असे उत्तर मिळाले.

तिसऱ्या दिवशी त्याच बँकेचा एसएमएस आला. आमची सेवा कशी वाटली हे कळवण्यासाठी खालील लिंक दाबा, असे त्यात इंग्रजीत लिहिले होते, आणि लिंक इतकी आखूड होती की ती कुठे नेणार हे ब्रह्मदेवालाही कळले नसते! अनोळखी लिंक दाबू नका, हे ज्यांनी आम्हाला शिकवायचे त्यांचा हा पाठ. बँकांनी सेवेसाठीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. सोनेतारण कर्जासाठी मला अजूनही साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन येतात. खरा आणि खोटा फोन मी कशावरून ओळखावा?

आणि संपादक महाशय, राग मानू नये, पण कालच्या त्याच पानाच्या तळाशी ‘स्कॅन करा आणि जिंका’ अशी चौकोनी जाहिरात आहे. क्यूआर कोड कोणाचा, बक्षीस कोण देणार, याचा तिच्यात उल्लेख नाही. वर सावधगिरीचा उपदेश आणि खाली हे.

गेलेल्या रकमेपैकी १४,४०० रुपये १९३० मुळे दुसऱ्या एका खात्यात गोठवले गेले आहेत आणि ते परत मिळतील. उरलेल्या २४,००० रुपयांबाबत बँकेचे उत्तर आले असून, ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला, असे एकच वाक्य त्यात आहे. पुरावा काहीही जोडलेला नाही. पुढील कार्यशाळा कोठे आणि किती वाजता आहे, ते कृपया छापावे. बँकेचे ते पत्र घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, फोंडा