दुरुस्त करणाऱ्यास नमस्कार

ती. काका,
सा. न. वि. वि.

आमच्या भजन मंडळाचे स्पीकर तुम्ही दुरुस्त केलेत, त्याबद्दलचं हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव कुठे घालू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव नाही. वेंगुर्ल्याच्या बाजाराजवळ रेडिओ दुरुस्त करणारे काका, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील. आणि ज्यांनी आम्हाला आधी वाटेला लावलं त्यांच्याही हे वाचनात आलं तर येऊ दे.

परवा एकादशीचं भजन झालं. मागच्या खांबाला टेकून बसणाऱ्या आजी घरी जाताना मला म्हणाल्या, "आज शब्द कळले गो." त्या वर्षानुवर्षं तिथेच बसतात. इतकी वर्षं त्या नुसता गलका ऐकत होत्या आणि तरी दर एकादशीला येत होत्या, हे मला त्या क्षणी समजलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

आमच्या देवळाचा सभामंडप तुम्ही पाहिलात. लांबट, भिंती चिऱ्याच्या, खाली गुळगुळीत लाद्या. मोठा चौकोनी डबा लावला की आवाज आधी आढ्याकडे जातो, तिथून भिंतींवर आपटतो आणि मागे पोचेपर्यंत अभंगाचा एक शब्द दुसऱ्यावर चढलेला असतो. म्हणून आम्ही बायकांनी उभे, अरुंद स्पीकर स्वतःच बनवायचं ठरवलं. चार इंची आठ स्पीकर एकाखाली एक, त्यांच्या कडेला आठ पिझो ट्वीटर, म्हणजे बारीक सूर काढणारे छोटे, स्वस्त स्पीकर. असा स्तंभ आवाज आडवा पसरवतो आणि वर-खाली कमी जाऊ देतो, म्हणजे आढ्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त. सुतारांनी मरीन प्लायचे डबे फार सुबक करून दिले. पिझो घेतले ते मंडळाच्या पैशात बसत होते म्हणून, आणि त्यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

लाज आणली ती इतरांनी. एकाने सांगितलं, "पिझोला काही लागत नाही, सरळ जोडा," आणि दोन-दोनच्या जोड्या करून आठही सरळ जोडून दिले. झांज कानात घुसायला लागली, 'स' आणि 'श' शिट्टीसारखे वाजायला लागले आणि अॅम्प्लिफायर तापून मध्येच बंद पडायचा. दुसऱ्या दुकानदाराने डब्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पिझो म्हणजे खेळणं, फेकून द्या, म्हणाला आणि मंडळाच्या वर्षभराच्या वर्गणीत बसणार नाही असा आकडा पुढे ठेवला. तिसऱ्याने तयार सर्किट बसवलं. बोलताना तो माझ्याशी बोललाच नाही. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर तो माझ्या दिरांना द्यायचा. पावसाळा सरला आणि ते सर्किट गेलं. उघडून पाहिलं तर आतल्या भागांवरचे नंबर खरवडून काढलेले, वरून काळं रसायन ओतलेलं. दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येऊ नये एवढ्यासाठी माणूस इतके कष्ट घेतो, हे पाहून माझा जीव खरंच कळवळला. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग तुमच्याकडे आले. तुम्ही डबा टेबलावर घेतलात, मला स्टूल दिलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "भजनाक बायो खंय बसतत? खाली काय खुर्चेर?" त्याआधी कुणीही ऐकणाऱ्यांबद्दल विचारलं नव्हतं.

पुढे जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. शेगडी पेटवायच्या लायटरमध्ये जो खडा असतो त्याच जातीचा हा पिझो. तिथे खड्यावर ठोका बसतो आणि वीज उठते, इथे वीज दिली की चकती थरथरते. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये यातला पहिला गुण शोधला, हे सांगताना तुमचा चेहरा असा खुलला होता की जणू ते तुमच्याच आळीतले. पिझोत तारेचं वेटोळं नाही, चुंबक नाही. विजेच्या हिशेबाने तो जवळजवळ एक कपॅसिटर, म्हणजे सूर जितका बारीक तितकी वीज जास्त जाऊ देणारा भाग. एकटा असेल तर खालच्या सुरांना फारसा करंट घेतच नाही, आणि त्यावरूनच "काही लागत नाही" ही समजूत पसरली. पण आठ सरळ जोडले की सगळे मिळून सुमारे एक मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप) होतात. अगदी वरच्या टोकाला, 20 किलोहर्ट्झपाशी, त्यांचा विजेला होणारा अडथळा आठ ओहमवर येतो आणि त्याच्याही वर आणखी घसरतो, म्हणजे अॅम्प्लिफायरवरचा ताण वाढतो. अॅम्प्लिफायर तिथे बावचळतो, कानाला ऐकूही न येणाऱ्या कंपनांत अडकतो आणि तापतो. म्हणजे आमचा अॅम्प्लिफायर खराब नव्हताच. तो बदला असं आम्हाला किती जणांनी सांगितलं होतं!

आणि आवाज टोचतो त्याचं कारण वेगळं. मधल्या पट्टीतले सूरही त्या बिचाऱ्या चकतीवर येऊन आदळतात, जे तिचं कामच नाही. तुम्ही आधी 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलात आणि त्याच्या पुढे सगळ्या पिझोंना समांतर 8.2 ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा भाग. तो रेझिस्टर नसेल तर कपॅसिटरला टेकायला काही मिळत नाही आणि खालचे सूर अडत नाहीत. तो असला की साधारण चार किलोहर्ट्झच्या खालचं गाळलं जातं. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूने झांजेला झांजेचा आवाज दिला.

जोड्या मोडून आठही पिझो एका उभ्या रांगेत आणलेत तेही तेव्हाच. शेजारी-शेजारी असले की डोकं जरा हललं तरी आवाज बदलतो. दहा किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, आणि आमच्या ट्वीटरची चौकट साडेआठची. दोघांचा आवाज कुठे मिळतो, कुठे एकमेकांना खातो. उभ्या रांगेतही हे होतंच, तुम्ही ते लपवलं नाहीत. पण बायका बसून ऐकतात, सगळ्यांचे कान एका उंचीवर, म्हणून उभी रांग. शिवाय मधल्या चारांना प्रत्येकी 22 ओहमचा रेझिस्टर आणि वर-खालच्या कडेच्या चारांना 220 ओहमचा, म्हणजे अगदी बारीक सूर मधलेच काढणार आणि कडेचे मागे राहून साथ करणार. तुमचा पहिला प्रश्न कशासाठी होता ते मला तिथे उमगलं.

पण काका, हे सगळं ज्ञान झालं. ते दुसऱ्या कुणाकडे मिळालंही असतं कदाचित. मी हे पत्र लिहितेय ते एका कागदासाठी.

काम संपल्यावर तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान घेतलंत, त्याची मागची कोरी बाजू वर केलीत आणि पट्टी लावून सगळं सर्किट काढलंत. प्रत्येक भागापुढे त्याचं माप, मराठीत, सुवाच्य. 4.7 मिळाला नाही तर 3.3 चालेल, मध्ये थोडं रिकामं वाटेल. कपॅसिटर नॉन-पोलरच (अधिक-उणे बाजू नसलेला) घ्यावा, 100 व्होल्टचा. पिझोच्या पायाला सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये, आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं. पावसाळा संपला की टोकं घासून घ्यावीत, खाऱ्या हवेने हिरवी होतात. आणि हे सगळं लिहून झाल्यावर, वर जी जागा उरली होती तिथे तुम्ही पेन पुन्हा उघडून लिहिलंत: 'दुरुस्त करणाऱ्यास नमस्कार.'

मी विचारलं, हे कुणाला? तुम्ही म्हणालात, "माका काय म्हायत? जो कोण उघडीत, तेका." मग तो कागद डब्याच्या आत चिकटवलात आणि दमट हवा लागू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टीच्या पट्ट्या एकाला एक भिडवून लावल्यात. एक पट्टी तिरकी गेली तर ती सोलून परत लावलीत. मी ते बघत बसले होते आणि मला बोलता येत नव्हतं.

ज्याने नंबर खरवडले त्यालाही त्याच डब्यात हात घालायचा होता, तुम्हालाही. त्याला पुढचा माणूस शत्रू वाटला. तुम्ही त्या पुढच्या माणसाला, त्याचं तोंडही न पाहता, नमस्कार घातलात.

मजुरी तुम्ही घेतलीत, आणि मला ते फार आवडलं. बिलावर प्रत्येक रेझिस्टरची किंमत वेगळी, खाली मजुरी वेगळी. मंडळाच्या बैठकीत ते बिल मी वाचून दाखवलं तेव्हा खजिनदार काकी म्हणाल्या, असलं बिल आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. फुकट करून दिलं असतंत तर आम्ही पुन्हा यायला संकोचलो असतो.

आपल्याकडे अशी माणसं आहेत. बाजारात बसणारी कोळीण गिऱ्हाईक समोर पैसे काढत असताना सांगते, आज घेव नको, कालची आसत. शेवटच्या एसटीचा कंडक्टर घाटीवरून धावत येणाऱ्या पोरीसाठी घंटी मारायचा थांबतो. त्यांचं कुणी कौतुक करत नाही, कारण त्यांना ते कौतुकाचं वाटतच नाही. मला मात्र आता ते मोठ्याने सांगावंसं वाटतं. फसवणाऱ्याची गोष्ट गावभर होते, त्याचा चेहरा लक्षात राहतो. सरळ वागणाऱ्याची गोष्ट त्याच्या दुकानातच राहून जाते. माझ्या हातात लिहिणं आहे, तर मी ती दुकानात राहू देणार नाही.

एक विनंती आहे. त्या कागदाची मी नक्कल करून घेतली होती. शेजारच्या वाडीतल्या दशावतारी मंडळींनी परवा आमच्याकडे भजन ऐकलं, त्यांनाही तसेच दोन स्तंभ करायचे आहेत. नाटकात नट उभे, प्रेक्षक खाली बसलेले आणि वर उघडं आभाळ, तेव्हा त्यांचं गणित आमच्याहून वेगळं असणार. नक्कल मी त्यांना दिलीय, पण आधी तुम्हाला भेटा म्हणून सांगितलंय. त्यांची दोन पोरं येत्या बाजाराच्या दिवशी येतील. दोघांनाही हातात सोल्डरिंग आयर्न धरायची फार हौस आहे. त्यांना स्टूल द्या आणि जमलं तर एखादा टाका त्यांनाच घालू द्या.

तुमची,
भजन मंडळातली, पिझोचे डबे घेऊन आलेली