आधी दुखणं थांबवा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पॉल कलानिधी या अमेरिकन न्यूरोसर्जनच्या 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' या आत्मकथनावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, हे मान्य. पण वेदनेनेच त्याला जगण्याचा अर्थ दाखवला, हा त्यातला सूर पटत नाही. फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात सापडूनही तो पुन्हा ऑपरेशनला उभा राहू शकला, कारण गोळ्यांनी आजार काही काळ आटोक्यात आला होता. शेवटी श्वासाचा मास्क काढायचं ठरलं, तेव्हा त्याला मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, दिलं गेलं. पुस्तकात हे आहे. तुमच्या लेखात मॉर्फिन हा शब्दही नाही.

पेठ-सुरगाण्याहून उपचारांसाठी नाशिकला येणाऱ्यांच्या घरी आधीच समजूत असते, की दुखणं सोसायचंच असतं आणि मॉर्फिन म्हणजे आता संपलं. एवढ्यात नको, शेवटी लागेल, म्हणून स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडून राहते आणि पेशंट रात्रभर कण्हतो.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चार तास टिकतो. म्हणून ती दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. रात्रीचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट देतात, म्हणजे दोन वाजता उठवावं लागत नाही. एका वेळी 10 मिलिग्रॅम चालू असेल तर रात्रीचा दुप्पट डोस धरून दिवसाचे 60 होतात. मध्येच कळ आली तर त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे 10, जादा द्यायचा. पुढची ठरलेली वेळ मात्र चुकवायची नाही. जादा गोळ्या किती लागल्या ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचं, त्यावरूनच रोजचा डोस वाढतो. किडनी कमजोर असेल तर हे गणित बदलतं, ते डॉक्टरांनीच करायचं.

गुंगी, मळमळ चार-सहा दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल असं पोट साफ करणारं औषध हवंच. घरचे त्याऐवजी इसबगोल देतात आणि तिथेच बिघडतं. पेशंट पाणी जेमतेम घोट-दोन घोट पितो, इसबगोल आतड्यात घट्ट बसतो, पोट फुगतं. दोष मॉर्फिनवर येतो, गोळी बंद होते, दुखणं परत सुरू.

2014 मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी सहसा नसते, आणि मग कुठे मिळेल हे नातेवाइकांना कुणी सांगत नाही. नाशिकमध्ये कोणत्या रुग्णालयांकडे ही मान्यता आहे आणि गोळी कोणत्या वेळेत मिळते, एवढी चौकट लेखाखाली हवी होती. अजूनही छापा.

आणखी एक. त्याच अंकात निधनवार्तेला मथळा आहे, 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. वर्षभर केमो घेतलेल्या माणसाच्या नावापुढे अपयश कशाला लिहायचं? 'कर्करोगाने निधन' एवढं पुरे.

— एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक