आबांच्या कारागिरास

दादा,

स. न. वि. वि.

तुमच्या सलूनमध्ये येऊन हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तुम्ही रिकामी खुर्ची झटकायला लागलात आणि दुसऱ्यांदा "ताई, चहा सांगू का?" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. तुमची गिऱ्हाइकंच तुम्हाला हे वाचून दाखवतील, मग कुठे पळाल?

आबांनी स्वतःची दाढी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत १९५८ ते १९९४ अशी छत्तीस वर्षं नोकरी झाली. पहिल्या पाळीला नव्या पुलावरून सायकल हाणत जायच्या आधी, अंधारातच, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी व्हायचीच. रिटायर झाल्यावर फक्त वेळ बदलली. सुट्टीत आम्ही नातवंडं त्यांच्यामागे रांग लावायचो. ते ब्रशने प्रत्येकाच्या गालाला फेस लावायचे आणि कंगव्याच्या पाठीने तो उतरवायचे. मुलगी म्हणून मला सूट नव्हती. शेवटी तुरटी फिरायची, ती मात्र खरी. आमच्या घरात लाड असेच. जवळ घेणं, पापे वगैरे काही नाही. शाळेच्या युनिफॉर्मला इस्त्री, रविवारी ओळीने सगळ्यांची नखं, आणि सीताफळाच्या बिया काढून वाटीत नुसता गर.

मग कंपवात आला. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जपमाळ ओढल्यासारखी एकमेकांवर फिरायला लागली. हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. मग चेहरा कोरा पडला. या आजारात चेहऱ्याचे स्नायूच हलेनासे होतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आबा आपल्यावर रागावलेत असंच प्रत्येकाला वाटत होतं. एका सकाळी हनुवटीला चांगलं खोल कापलं. बाबांनी रेझर कपाटात लपवला. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही, आबाही नाही.

रुग्णसेवक पुरवणाऱ्या एका ब्युरोतून मुलगा आला होता. "आजोबा, मान वर! वर!" असं बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडत त्याने ट्रिमर फिरवला. आबांना ऐकू उत्तम येत होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी जेवतानासुद्धा मान वर केली नाही.

आणि मग तुम्ही आलात. सोमवारी. तो तुमचा सुट्टीचा एकमेव दिवस आहे हे आमच्या लक्षात यायला दीड महिना लागला, याची लाज वाटते. आजीने सोमवारी दाढी नको म्हणून कुरकूर केली, तेव्हा आबा कित्येक दिवसांनी एक सबंध वाक्य बोलले: "शंकराला स्वतःच्या जटा आवरत नाहीत, तो माझी दाढी कुठे बघतो!"

त्या पहिल्या दिवशी तुम्ही वाटीत कोमट पाणी मागितलंत, ब्रश भिजवलात, साबणावर घोळवलात आणि आबांच्या हातात दिलात. "फेस तुम्ही करा, काका. आपल्या गालाचा अंदाज आपल्यालाच असतो." बाबा पुढे सरसावले होते, तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. आबांनी ब्रश उचलला, आणि हात थरथरायचा जवळपास थांबला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, कंपवातात हात स्वस्थ असला की जास्त थरथरतो, कामाला लागला की कमी होतो. तुम्ही ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तुम्ही नुसतं हाताकडे बघितलं होतंत. फेस कानात गेला, चष्म्यावर गेला, थोडा माझ्या ओढणीवरही आला. पंधरा मिनिटं लागली. तुम्ही बंडीच्या खिशात हात घालून उभे होतात, जणू बसची वाट बघताय.

आठची वेळ साडेनऊ केलीत तीही तुम्हीच. "साडेआठच्या गोळीनंतर मान सैल पडते त्यांची," म्हणालात. कंपवातावरची, लेवोडोपाची ती गोळी आम्ही वर्षभर देत होतो. वेळ पाळायची एवढंच आम्हाला ठाऊक. ती वेळ आबांच्या उपयोगी लावावी हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून गच्चीवरची फेरी आणि सहीची कामंसुद्धा साडेनऊनंतर ठेवायला लागलो.

पानशेतचं तर तुम्हाला पाठच झालं असेल. १२ जुलै १९६१, बुधवार. धरण फुटलं तेव्हा आबा खडकीला पाळीवर, मुठेवरचे पूल पाण्याखाली, घरी पोचायला दुसरा दिवस. नारायण पेठेत गुडघाभर चिखल, शेजाऱ्यांचा बंब आमच्या स्वयंपाकघरात आणि आमचे पाट कुणाच्या तरी माळ्यावर. इथे आम्ही हसायचो, कारण लहानपणापासून इथेच हसायचं असतं. तुम्ही हसला नाहीत. गालाला वस्तरा लावता लावता विचारलंत, "मग काका, तुमचं स्वतःचं काय गेलं?"

आबा थांबले. मग म्हणाले, "वडिलांचा वस्तरा."

पणजोबा आदल्याच वर्षी गेले होते. त्यांचा वस्तरा खालच्या फळीवर पत्र्याच्या डबीत होता. लोक भांडी शोधत होते, आणि आबा दोन दिवस चिखलात हात घालून ती डबी शोधत होते. सापडली नाही. साठ वर्षं पानशेत ऐकत आलेल्या आजीलाही हे ठाऊक नव्हतं. ती दारातच उभी होती, हातात गवारीच्या शेंगा. तुम्ही फक्त "मूठ कसली होती?" एवढंच विचारलंत. आबा म्हणाले, "शिंगाची." पुढचा गाल तुम्ही जरा सावकाश केलात.

फेब्रुवारीत आबा पहाटे गेले. काका बंगळूरहून निघाले होते, त्यामुळे वैकुंठ स्मशानभूमीत न्यायला दुपार होणार होती. सोमवार होता. तुमची फेरी फुकट जाऊ नये म्हणून बाबांनी तुम्हाला फोन केला. तरी साडेनऊला तुम्ही पेटी घेऊन दारात हजर. आजी उशाशी बसली होती. तिला विचारलंत, "आजी, करू का?" तिने मान हलवली. मग तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणालात, "ताई, पाणी कोमट करून द्या. गार चालत नाही त्यांना."

मी गॅस पेटवला.

ब्रश तुम्ही आधी आबांच्या उजव्या हाताला टेकवलात आणि मगच फेस करायला घेतलात. तुरटीही फिरवलीत. बाबांनी पैसे पुढे केले तेव्हा पेटीचं झाकण लावलंत आणि जिना उतरून गेलात. त्या गडबडीत तुम्हाला कुणी पाणीही विचारलं नाही.

आबांचा ब्रश आजीने धुऊन, वाळवून ठेवलाय. तो तुम्हालाच द्यायचा आहे, आणि ते ती तुमच्यासमोरच सांगणार आहे, माझ्या हातून पाठवायला तयार नाही. सोमवारी साडेनऊला तिचे डोळे अजून दाराकडे जातात. पोहे आवडतात ना तुम्हाला? येत्या सोमवारी या. पेटी आणू नका.

आपली,
आबांची थोरली नात
नारायण पेठ, पुणे