ब्लॉकवर ३, तुमच्या कागदावर ८

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, म्हणून आता लेखी देतोय. इम्पोर्टेड इंजिनं विकणं हाच तुमचा धंदा, तेव्हा जुन्या गाडीत इंजिन बदललं की नोंदणीत इंजिन नंबर बदलावा लागतो, सीसी वेगळी असली तर तीही, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी तुमचं बिल आणि कस्टम क्लिअरन्सचा कागद, दोन्हीवरचा नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य लोखंडी सांगाड्यावर, कोरलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. तुमच्याकडून घेतलेल्या माझ्या इंजिनाच्या ब्लॉकवर शेवटून दुसरा अंक ३ आहे, तुमच्या दोन्ही कागदांवर ८. आरटीओच्या तपासणीत टॉर्च मारून बघितलं आणि फाइल परत.

हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "सर, इंजिन चालतंय ना?" म्हटलं, चालतंय. "मग प्रॉब्लेम काय?" परत पहिल्यापासून सांगितलं. मग होल्डवर टाकलं, ते तुमचं म्युझिक ऐकवलं, आणि येऊन म्हणतो, "सीनियरना विचारलं सर, तीनचा आठ सोपा असतो, कुठल्याही वर्कशॉपमध्ये पंच मारून देतील." वा! टाइप करताना तुम्ही चुकणार आणि नंबर खाडाखोडीच्या गुन्ह्यात मी अडकणार? हे मेलवर लिहून द्या म्हटलं तर "पॉलिसीत बसत नाही". म्हणजे कागदावर आठचा तीन करायचा नाही, लोखंडावर मात्र तीनचा आठ चालेल.

वर म्हणे "बाहेरच्या देशात एवढं कोणी बघत नाही सर". ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवावं लागतं आणि नंबर बदलला असेल तर इंजिनाची पावती वगैरे पुरावा द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात तर, १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, माफ आहे ते सोडा, पण त्यानंतरच्या गाडीत इंजिन गाडीच्या मॉडेल इयरचं किंवा त्याहून नवीन लागतं, एमिशनच्या सगळ्या सामानासकट, आणि रेफ्री, म्हणजे तिथला नेमलेला तपासनीस, बॉनेट उघडून बघतो. तुम्ही नक्की कुठल्या बाहेरबद्दल बोलताय?

एमिशनवरून आठवलं, जाहिरातीत "कम्प्लीट" लिहिलं होतं. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही, ऑक्सिजन सेन्सर नाही, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) मधूनच कापलेला. माझी गाडी कार्ब्युरेटरची, तिच्या वायरिंगवर हे कॉम्प्युटरवालं इंजेक्शनचं इंजिन काय डोंबल चालणार? इंजिन चालतंय ते ईसीयू आणि हार्नेस मी दुसरीकडून आणला म्हणून.

नोंदणी होत नाही तोवर इन्शुरन्सवाले क्लेमचं नाव काढू देत नाहीत. रस्त्यात कोणी नंबर ताडून बघितला तर इंजिन चोरीचं नाही हे मी कशावर दाखवू, तुमच्या आठवर? सगळं त्या एका आठवर अडलंय आणि कस्टमच्या कागदातली दुरुस्ती इम्पोर्टर म्हणून तुम्हीच मागू शकता, मी नाही.

दोन्ही कागद दुरुस्त करून द्या आणि राहिलेलं सामान पाठवा, नाहीतर इंजिन परत घेऊन बसवण्याच्या खर्चासकट पैसे द्या. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर ग्राहक कोर्टात जातोय, आणि पंच मारायच्या सल्ल्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडेच आहे, "क्वालिटीसाठी" करता ना. यापुढे फोन नको, मेल करा.