फोटोखाली 'जाळीतला आहे' एवढं लिहायला काय हरकत आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेल्या फोटोंमध्ये ते मॉर्फो नावाचं निळं फुलपाखरू बघितलं. पंख पूर्ण पसरून लालभडक फुलावर ऐटीत बसलंय आणि खाली ओळ काय, तर 'दक्षिण अमेरिकेच्या घनदाट जंगलात टिपलेला क्षण'. फोटो झकास आहे, त्यात वादच नाही. पण मी यंदा तीन आठवडे कोस्टा रिकात काढून आलोय आणि त्यातला निम्मा वेळ या एका फुलपाखराच्या मागे धावण्यात गेला, त्यामुळे फोटो बघितल्या बघितल्या मनात पाल चुकचुकली, हा जंगलातला नसून फुलपाखरं पाळतात त्या जाळीतला तर नाही?

एक तर मॉर्फो फुलांच्या वाटेला फारसा जातच नाही, त्याला हवी असतात सडकी फळं, झाडाच्या सालीतून पाझरणारा रस, नाहीतर ओला चिखल. आणि खायला बसला की बहुतेक वेळा पंख मिटून बसतो, मिटलेले पंख तपकिरी, त्यावर डोळ्यांसारखे गोल ठिपके, पालापाचोळ्यात दोन हातांवर असला तरी दिसत नाही. निळा दिसतो तो उडताना, तोही सलग नाही, पंख उघडले की निळा, मिटले की गायब, असा लुकलुकत लुकलुकत पायवाटेवरून पुढे निघून जातो. गंमत म्हणजे त्या पंखात निळा रंग असा नसतोच मुळी, पंखांवरच्या खवल्यांवर अतिशय बारीक कंगोरे असतात आणि त्यांच्या थरांवरून उजेड परतताना त्यातला निळाच तेवढा जोरात बाहेर येतो.

मी काय काय केलं ते सांगतो, हसू नका. सकाळी आठला नदीकाठच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं, शटर स्पीड दोन हजारावर, कॅमेरा बर्स्टवर, आणि तो आला की नुसतं बटण दाबून धरायचं. चार सकाळी मिळून सहाशेच्या वर फोटो निघाले आणि त्यात काय, तर रिकामी वाट, केळीची पानं, एका फोटोत माझ्याच टोपीची कड. दुपारी रोज पाऊस, आणि ढग आले की फुलपाखरं कुठे जाऊन बसतात देव जाणे, एक दिसायचं नाही. काचपंखी म्हणजे ग्लासविंग मात्र भेटलं, पण त्याचे पंख आरपार, त्यामुळे ऑटोफोकस सारखा मागच्या पानालाच पकडायचा, शेवटी मॅन्युअल करून श्वास रोखून एक बरा निघाला. एकदा तर घामाने भिजलेल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर हेलिकोनियस फुलपाखरांच्या नात्यातलं एक केशरी फुलपाखरू येऊन बसलं, निवांत सोंड लावून मीठ चाटतंय, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात! त्याचा फोटो काढणार कशाने?

मग आम्हीही गेलोच की बटरफ्लाय गार्डनमध्ये. मोठ्ठी जाळी, आत झाडं, ताटलीत काळी पडलेली केळी, आणि त्यावर घुबडासारख्या डोळ्याचे कॅलिगो ओळीने बसलेले. एरवी हे बाहेर पडणार ते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, ऐन अंधुक उजेडात, इथे भर दुपारी गुडघे टेकून, कॅमेरा पंखांना समांतर धरून, मनासारखे फोटो काढता येतात. मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. तिथली काही गावं फुलपाखरांचे कोष वाढवून परदेशातल्या अशा जाळीघरांना पाठवतात, सुरवंटांच्या खाण्याची झाडं त्यासाठी जपली जातात, चांगलंच आहे. पण आमच्या ग्रुपमधल्या एकाने तिथलेच फोटो संध्याकाळी 'जंगलात, पहाटे' असं लिहून पाठवले आणि लाइकांचा पाऊस पडला. मी काही बोललो नाही, तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या एकाने तर फुलपाखरू थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की हलत नाही अशी आयडिया दिली, ती मात्र सगळ्यांनीच उडवून लावली.

आता तुम्ही म्हणाल, एका ओळीने काय बिघडतं. बिघडतं, कारण लोक फोटो नुसता बघत नाहीत, नोंद म्हणूनही वापरतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर याचसाठी 'पाळलेला किंवा बंदिस्त' अशी खूण करायची सोय आहे, ती केली नाही तर जिथे मॉर्फो कधी उडालाच नाही अशा शहरांच्या नकाशावर मॉर्फोचा ठिपका पडतो, का, तर तिथे जाळीघर आहे. शिवाय असे फोटो बघून गेलेला माणूस जंगलात तसाच फोटो शोधत फिरतो, मी फिरलोच ना! पहिला आठवडा मी फुलांवर मॉर्फो शोधत होतो.

तर माझी विनंती एवढीच, फोटो मागवताना जागा विचारता तसं 'मोकळ्यावर की जाळीत' हेही विचारा आणि फोटोखाली छापा.

सोबत माझे दोन फोटो पाठवतोय. कॅलिगोचा छापलात तर खाली 'जाळीघर' लिहायला विसरू नका. दुसऱ्यात उजव्या कोपऱ्यात जे निळं फरकाटल्यासारखं दिसतंय तो मॉर्फो आहे, बाकी सगळं केळीचं पान, तो कोपऱ्यात कुठेतरी बारीकसा छापलात तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक