मे महिन्यात बिऱ्हाड हलवतोय

डोंबिवली (पूर्व)
२२ मार्च २०२६

प्रिय मित्रा,

फोनवर सांगता आलं असतं, पण दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आपली बिल्डिंग पाडायचं ठरलं आहे. रीडेव्हलपमेंटच्या करारावर जानेवारीत सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि ३१ मेपर्यंत घरं रिकामी करून चाव्या द्यायच्या आहेत. तुम्ही दुसरा मजला सोडून पुण्याला गेलात त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. तरी मी 'आपली बिल्डिंग'च म्हणणार.

त्याच सुमारास तुझ्या वहिनीची बढतीवर रत्नागिरीला बदली झाली. ४ मेला रुजू व्हायचं आहे. बिल्डर भाडं देणार, त्यात इथेच मानपाडा रोडच्या बाजूला दोन खोल्या घ्यायच्या आणि हिने तीन वर्षं तिकडे एकटीने काढायची, असा एक विचार होता. आठवडाभर आम्ही तो उलटसुलट करून पाहिला. माझं काम घरून चालतं, महिन्यातून दोनदा मुंबईला यावं लागेल, त्याला कोकण रेल्वे आहे. मग घराचे दोन तुकडे कशासाठी? सगळेच जायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं. आई काही बोलली नाही. तिचं न बोलणं तुला माहीत आहे. मी मात्र त्याच रात्री वही काढली आणि यादी करायला बसलो: ट्रक, गॅस, शाळा, बँक. तीन पानं भरली. दुसऱ्या दिवशी आईने ती वही चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "यात माझं काय आहे रे? औषधांची पिशवी सोडून?"

मित्रा, त्या वाक्यानंतर मी ती वही बाजूला ठेवली. शहात्तर वर्षांची बाई, त्यातली चाळीसच्या वर वर्षं या एका जिन्यात गेलेली. सकाळी दूधवाला, अकराला भाजीवाली, गुरुवारी भजन, संध्याकाळी गणेश मंदिरात जाऊन बाकावर तास-दीड तास. यातलं काहीच ट्रकमध्ये भरता येत नाही. घर हलवायची तयारी सामानापासून सुरू करायची नसते, ज्याचं सगळ्यात जास्त तुटणार आहे त्याच्यापासून करायची असते, हे मला तिने शिकवलं. तुला हे एवढ्यासाठी लिहितो की काकांना तू पुढच्या वर्षी तुमच्या नव्या फ्लॅटवर नेणार आहेस. त्यांना आधी विचार.

मग फेब्रुवारीत मी एकट्या आईला घेऊन आठ दिवस रत्नागिरीला राहून आलो. ठाण्याहून पहाटेची जनशताब्दी, खिडकीची जागा. आई साताऱ्याकडची, कोकण तिने कधी नीट पाहिलेलंच नव्हतं. बोगदे मोजत बसली होती, मग मोजायचं सोडून दिलं. तिथे एका घरगुती खोलीत उतरलो आणि रोज दोन घरं पाहिली.

मला आवडलेलं घर नवं होतं. तिसरा मजला, लिफ्ट, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी. आई सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, "इथे दार लावलं की संपलं." दुसरं खालच्या आळीत, जुनं, चिऱ्याचं, बैठं घर. पुढे लांबट पडवी, पडवीला कठडा, कठड्यापासून चार पावलांवर रस्ता. आम्ही उभे होतो तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या, कुठल्या, कोण, किती जण, सगळं विचारून घेतलं आणि आईला म्हणाल्या, "बसा की जरा." आई बसली, ती पाऊण तास. परत निघताना तिने एकच चौकशी केली, जवळ ज्वारी दळून देणारी गिरणी आहे का. तिथे घरोघरी तांदळाची भाकरी, ज्वारीचं पीठ सहज मिळेल असं नाही. गिरणी निघाली. घर तिथेच ठरलं.

जुनं घर घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि झड पश्चिमेकडून येते. फेब्रुवारीत सगळ्याच भिंती कोरड्या आणि देखण्या दिसतात. म्हणून शेजारच्या आजींनाच विचारलं, पावसात कुठली भिंत ओल धरते. त्यांनी सरळ स्वयंपाकघरामागची दाखवली. हात लावला तर रंगाखाली पापुद्रे. मालकांना सांगून ते काम मेच्या आधी करून घ्यायचं ठरलं, करारात लिहूनच घेतलं. पाणी नगरपालिकेचं, शिवाय मागे विहीर. तिचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं तेही विचारून घेतलं. भाडेकरार रीतसर नोंदवून घेतला. पुढे पत्ता बदलायला तोच कागद लागतो.

आता तारीख. धाकटीचा सातवीचा निकाल मेच्या सुरुवातीला लागेल, त्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, आणि अधिकात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही हे आईचं म्हणणं. मी त्यावर वाद घातला नाही. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिकडे पोचतो, त्याआधी बसलेलं बरंच. तिकडे मेअखेर लोक आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांच्या पावसाची बेगमी. लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं, पापड, सगळं त्याच दिवसांत घरात येतं. शेजारच्या आजींनी आईला आत्ताच सांगून ठेवलंय की कोकमं तुमच्यासाठी पण वाळवते. असं सगळं जुळवत ९ मे, शनिवार ठरला. संध्याकाळी ट्रक निघेल, रविवारी सकाळी हातखंब्याला वळून गावात.

ट्रकची गोष्ट तुला सविस्तर सांगायची आहे, कारण तुलाही उपयोगी पडेल. पहिल्यांदा तीन ठिकाणी भाव काढला. एकाने फोनवरच अर्ध्या किमतीत सांगितलं, घर बघायलाही आला नाही. तळमजल्यावरच्या काकूंच्या लेकाचा अनुभव माझ्यासमोर होता. त्याचं सामान चढवून झाल्यावर वाटेत ट्रक उभा करून जास्तीचे वीस हजार मागितले होते. त्यामुळे जो घरी येऊन माळ्यासकट सगळं बघतो, नगांची यादी करून सही देतो आणि चढ-उतारासकट भाव लिहून देतो, त्याच्याशीच बोलायचं, हे पक्कं केलं. बाकीच्या दोघांनी तसं दिलं, पण तीस हजारांच्या वर.

मग वहिनीच्या ऑफिसातल्या एका रत्नागिरीकराने युक्ती सांगितली. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरून तिकडून ट्रक वाशीच्या बाजारात येतात. माल उतरला की परतीला बरेच जण रिकामे जातात. त्यातलाच एक त्यांच्या ओळखीचा चालक-मालक आहे, दोन पिढ्या आंब्याची वाहतूक करतो. तो येऊन घर बघून गेला. भाडं निम्म्याहून कमी. त्याने एकच अट घातली, शनिवारी दुपारी चारला सामान तयार पाहिजे, कारण रविवारी रात्री त्याला पुन्हा पेट्या भरायच्या असतात. हमाल आपले, म्हणजे नाक्यावरचे चौघे, तीन जिने उतरवायचे म्हणून मजुरी जास्त देणार आहे. त्याने भांडी भरायला चाळीस रिकाम्या लाकडी पेट्या आणि पोतंभर पेंढा आणून टाकला. काचेच्या बरण्यांना त्याहून चांगलं काही नाही. आत्ता हे लिहितोय तेव्हा सगळ्या घराला पेंढ्याचा वास येतोय.

काय न्यायचं आणि काय नाही, हे ठरवायला सगळ्यात वेळ लागला. प्लायवूडची कपाटं इथेच देऊन टाकतोय, तिकडच्या दमट हवेत ती फुगतात आणि दारं लागेनाशी होतात. लोखंडी कपाट नेणार, पुस्तकं त्यातच. पुस्तकांच्या पेट्या लहानच भरायच्या, मोठी पेटी भरली की चौघांना उचलत नाही. दर पेटीवर नंबर आणि वहीत त्या नंबरासमोर आत काय ते. खोलीचं नाव लिहिलेलं असलं की हमाल विचारत बसत नाहीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवायचा, तिथे गेल्यावर उभा करून काही तास तसाच राहू द्यायचा, मग चालू करायचा. स्कूटर ट्रकमध्येच, पेट्रोल काढून. पाटा-वरवंट्यावरून दोन दिवस चर्चा झाली. गेली दहा वर्षं त्यावर काही वाटलेलं नाही, वजन तर विचारू नकोस. पण आई म्हणाली, "तिकडे ओला नारळ आहे, आता तर लागेल." नेतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो. गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केला की ट्रान्सफर व्हाउचर मिळतं, ते तिकडच्या एजन्सीत द्यायचं. मतदार यादीतला पत्ता बदलायला आता आठ नंबरचा फॉर्म. आधारचा पत्ता करारावरून. आईच्या फॅमिली पेन्शनचं खातं मी हलवत नाहीये, कार्ड तिकडेही चालतं, उगाच चालत्या गाड्याला खीळ नको. डॉक्टरांकडून तिची सगळी फाइल आणि तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली. तिकडच्या डॉक्टरांना फेब्रुवारीतच भेटून आलो.

धाकटी पहिले चार दिवस रडली, आता तिच्या पेट्या तीच भरते आणि कुणाला हात लावू देत नाही. तिच्या वर्गातल्या मुली मे महिन्यातच आंबे खायला येणार म्हणून आत्तापासून ठरवून बसल्या आहेत. तिची मला तेवढी काळजी नाही.

एक पेटी ट्रकमध्ये जाणार नाही, ती माझ्या मांडीवर. चहा, साखर, दुधाचं पातेलं, लायटर, विळी, मेणबत्त्या, चार्जर, टॉवेल, आईच्या गोळ्या, एक चादर प्रत्येकी. देव आईच्या मांडीवर, तांब्याच्या डब्यात, कुंकवासकट. गेल्यावर आधी देव ठेवायचे, मग दूध उतू घालायचं, मग चहा, मग ट्रकचं दार उघडायचं, हा क्रम तिने लावून दिला आहे. तुळशीची कुंडी समोरच्या घरात जाईल, मंजिऱ्या मात्र तिने पुडीत बांधून ठेवल्या आहेत.

पाडव्याला तिला शोभायात्रा बघायला नेलं होतं. फडके रोडच्या कडेला खुर्ची टाकून दिली. ढोल-ताशे गेले, लेझीम गेलं, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली गेल्या, आणि मधूनच ओळखीचं कुणीतरी थांबून तिच्या पाया पडत होतं. अकरा वाजता म्हणाली, चल, ऊन लागतंय. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या दाराशी, थांबली. दम लागला म्हणाली. लागलाही असेल.

घरी आल्यावर तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. भांड्यांची. एकेक भांडं उचलायची, काठावरचं कोरलेलं नाव वाचायची आणि वेगळं ठेवायची. आजीची, आत्याची, तिच्या लग्नातली. तळाला एक पितळी डबा निघाला, झाकणाचा. त्यावर तुझ्या आईचं नाव आणि '१२-५-७४'. तुझ्या आईबाबांच्या लग्नातला असणार. आई बराच वेळ तो हातात धरून होती. मग सांगू लागली. तुम्ही निघालात त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या आईने त्यातून शंकरपाळे दिले होते, प्रवासाला घेतलेल्यातले निम्मे. सकाळी टेम्पो आला, गडबडीत डबा राहिला. दर वेळी पुण्याला जायचं ठरलं की द्यायचा म्हणून काढायची आणि जाणं राहून जायचं. मग तुझी आई गेली, आणि तिने तो ट्रंकेत ठेवून दिला.

मी म्हटलं, कुरियरने पाठवतो. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आणि भरलेलं भांडं कुणी कुरियरने पाठवतं का?

म्हणून हे पत्र. २५ एप्रिलच्या शनिवारी ये, रविवारीही राहा. माळा तुझ्या मदतीने रिकामा करू, गच्चीवर जाऊन येऊ, तुमचं घरही उघडून घेतो, सध्या त्यात कुणी राहत नाही आणि चावी माझ्याकडेच आहे. काकांना आणता आलं तर आण, जिना सावकाश चढवू. आईने दाणे निवडून ठेवले आहेत. लाडू शेंगदाण्याचे करते आहे, गुळातले, तुझी आई करायची तसे. डबा चिंचेने घासून खिडकीत ठेवलाय.

वाट पाहतो.

तुझाच,
तिसऱ्या मजल्यावरचा